रुग्णाची सोबत : कर्जत-खालापूर भागातील कर्करोग आणि कुटुंब

रायगड जिल्हा म्हटला की समुद्रकिनारा डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु याच जिल्ह्याचा एक भाग समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या ऐन पायथ्याशी आहे. कर्जत आणि खालापूर हे ते दोन तालुके होत. भीमाशंकराच्या पायथ्याच्या खांडसपासून बोरघाटाखालच्या खोपोलीपर्यंतचा हा पट्टा भातशेतीचा, डोंगरउतारावरील वाड्यांचा आणि ठाकूर व कातकरी या जमातींच्या वस्तीचा आहे. १८५६ साली खोपोलीपर्यंत लोहमार्ग आला आणि या भागाचा मुंबईशी नित्याचा संबंध जडला. १९१५ साली टाटांच्या जलविद्युत् योजनेने त्या संबंधास निराळे रूप दिले. लोणावळ्याच्या परिसरातील तलावांचे पाणी घाटमाथ्यावरून नळांवाटे खोपोलीस उतरविण्यात आले आणि तेथे निर्माण होणाऱ्या विजेवर मुंबईच्या कापडगिरण्या चालू लागल्या. पुढे १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरी येथेही वीजगृह सुरू झाले.

ज्या सर दोराबजी टाटांच्या कारकिर्दीत ही कामे झाली त्यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने मरण पावल्या. पुढच्याच वर्षी दोराबजींचाही अंत झाला. मेहेरबाईंच्या स्मरणार्थ रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी १९३२ साली एक न्यास स्थापन झाला. आणि दोराबजींच्या न्यासाने परळ येथे उभारलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. एका घरात येऊन गेलेल्या दुखण्यातून सर्वांसाठी एक संस्था निर्माण झाली, असे या घटनेचे थोडक्यात वर्णन करता येईल. खोपोलीची वीज ज्या परळ-लालबागच्या गिरण्यांना गेली त्याच परळास आज खोपोली-कर्जतचा रुग्ण जातो. तो एकटा जात नाही. त्याच्या शेजारी हातात तपासण्यांची पिशवी घेऊन आणखी एक माणूस बसलेला असतो. हा दुसरा माणूस, म्हणजे रुग्णाचा सोबती, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

१. दुखण्याची व्याप्ती

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात एका वर्षात सुमारे १४ लाख लोकांना नव्याने कर्करोग झाला आणि ९ लाखांहून अधिक लोक त्याने दगावले. पुरुषांत मुखाचा, स्त्रियांत स्तनाचा आणि त्याखालोखाल गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग अधिक आढळतो. तंबाखू, चुना आणि मशेरी यांचा घराघरांतील वापर लक्षात घेता मुखाचा कर्करोग ग्रामीण महाराष्ट्रास अपरिचित राहिलेला नाही. गुटख्याच्या विक्रीवर राज्यात २०१२ सालापासून बंदी आहे. परंतु मशेरीची डबी ही घरातलीच वस्तू असल्यामुळे बंदीचा कायदा तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

ही संख्या मोजताना एक माणूस म्हणजे एक रुग्ण असे धरले जाते. प्रत्यक्षात एका रुग्णामागे निदान एक माणूस आपले काम सोडतो, एक माणूस पैसा उभा करतो, आणि मागे राहिलेल्यांपैकी कोणी तरी मुलांचे व गुरांचे पाहते. तीनही कामे पुष्कळदा एकाच व्यक्तीकडे येतात. कर्करोगाचा उपचार हा आठ-पंधरा दिवसांचा नसून अनेक महिन्यांचा, आणि त्यानंतरच्या फेरतपासण्या धरल्या तर अनेक वर्षांचा असतो. यास्तव या रोगाशी कुटुंब कसे झुंजते हा प्रश्न मुख्यतः श्रमाच्या वाटणीचा आहे. प्रेम नाही म्हणून रुग्णाची आबाळ होते असे क्वचितच घडते. एकाच माणसावर सर्व भार पडून तो माणूस थकतो आणि मग उपचार खंडित होतात, हे मात्र वारंवार घडण्यासारखे आहे.

२. वाटेचे गणित

हा भार किती असतो हे एका साध्या हिशेबाने पाहता येईल. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावरील बाह्य किरणोपचार साधारणतः आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे पाच आठवडे, म्हणजे सुमारे २५ दिवस चालतात. प्रत्येक दिवशी यंत्राखाली जाणारा वेळ काही मिनिटांचाच असतो. समजा, खांडस-कशेळ्याकडील एखाद्या वाडीतील स्त्रीला परळास जावयाचे आहे. वाडीतून वाहनाच्या रस्त्यापर्यंतची पायवाट, तेथून नेरळ किंवा कर्जत स्थानकापर्यंतची रिक्षा, मग दादरपर्यंतचा दोन तासांचा रेल्वेप्रवास आणि अखेरीस परळ, असा हा मार्ग आहे. जाण्यायेण्याचे सात तास आणि रुग्णालयातील प्रतीक्षेचे तीन तास धरले तर दिवसाचे दहा तास होतात. २५ दिवसांचे २५० तास झाले. आठ तासांच्या कामाच्या दिवसांत मांडल्यास सोबत्याचे ३१ दिवस. काही मिनिटांच्या उपचाराची ही खरी किंमत आहे, आणि ती कोणत्याही पावतीवर लिहिलेली नसते.

हा हिशेब पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत आला तर त्याचा अर्थ वर्षाचे भात जाणे असा होतो. कातकरी कुटुंबांच्या बाबतीत तो आणखी कठीण होतो. यांपैकी पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर किंवा कोळसाभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जाण्यापूर्वी मालकाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत कामावरून निघणे सोपे नसते. अशा कुटुंबातील रुग्ण ठरलेल्या तारखेस आला नाही तर त्याच्या कागदावर तो ‘गैरहजर’ ठरतो. त्याच्या गैरहजेरीचे कारण अज्ञान हे नसून उचल हे असू शकते, ही गोष्ट उपचार करणाऱ्यांच्या ध्यानात यावयास हवी.

या ओझ्यावर काही उपाय उपलब्ध आहेत, आणि ते माहीत असणे हाच सोबतीचा पहिला भाग होय. पहिला उपाय अंतर कमी करण्याचा. टाटा स्मारक केंद्राचा खारघर येथील विभाग रायगड जिल्ह्यातच, पनवेल तालुक्यात आहे. खालापूर, चौक व खोपोलीकडील लोकांना परळापेक्षा तो रस्त्याने जवळ पडतो. कोणता उपचार कोठे घेता येईल हे पहिल्याच भेटीत विचारावे. दुसरा उपाय मुक्कामाचा. गाडगे महाराजांनी आपल्या हयातीत तीर्थस्थानी आणि रुग्णालयांजवळ धर्मशाळा उभारण्याचा जो परिपाठ घातला त्यातून दादर येथील रुग्णांसाठीची धर्मशाळा चालते. परळ येथे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. रोज दहा तास प्रवास करण्यापेक्षा पाच दिवस मुक्काम आणि शनिवार-रविवार घर, ही व्यवस्था पुष्कळांना सोयीची ठरते. उपनगरी गाड्यांत अपंगांसाठी राखून ठेवलेल्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णास प्रवास करता येतो, हेही अनेक घरांना ठाऊक नसते.

तिसरा उपाय खुद्द उपचाराच्या स्वरूपातील आहे. स्तनाच्या कर्करोगावरील किरणोपचार पूर्वी पाच आठवडे देत असत. ब्रिटनमधील दीर्घकालीन अभ्यासांनी तीन आठवड्यांचा उपचार तितकाच गुणकारी असल्याचे दाखविले, आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तेथीलच दुसऱ्या अभ्यासाने ठरावीक रुग्णांत एका आठवड्यातील पाच बैठकांचा पर्याय पुढे आणला. हाडात पसरलेल्या कर्करोगाच्या वेदनेवर एकच बैठक बहुधा अनेक बैठकांइतकाच आराम देते. फरक इतकाच की ती काहींना पुन्हा द्यावी लागते. प्रत्येक रुग्णास हे लागू होईलच असे नाही. तथापि ‘यापेक्षा कमी फेऱ्यांत हे होईल काय?’ असे विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. दूरच्या वाडीतील माणसाच्या दृष्टीने तो वैद्यकीय प्रश्नच आहे.

पैशाच्या बाबतीत राज्य शासनाची योजना महत्त्वाची आहे. २०१२ साली ती जीवनदायी आरोग्य योजना या नावाने प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत रायगड होता. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले; २०२३ साली संरक्षणाची मर्यादा कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत वाढविण्याचा व सर्व शिधापत्रिकाधारकांना तीत घेण्याचा निर्णय झाला. शिधापत्रिकेवरील नाव आणि आधारपत्रावरील नाव यांत तफावत असल्यास मंजुरीस विलंब होतो. म्हणून पहिल्या तपासणीच्या वेळीच ही कागदपत्रे जुळवून घ्यावीत. योजनेतून उपचाराचा खर्च भागतो. सोबत्याची बुडालेली मजुरी मात्र कोणीच देत नाही. ती भरून काढण्याचा मार्ग गावातच शोधावा लागतो, आणि त्याचा विचार पुढे येईल.

३. दुखण्याचे नाव

मराठी घरांत कर्करोगाचे नाव सहसा उच्चारले जात नाही. ‘मोठे दुखणे’, ‘गाठीचा आजार’, ‘तो रोग’ अशा शब्दांनी काम भागविले जाते. निदान झाल्यावर कुटुंबातील कर्ता पुरुष बहुधा वैद्यांस बाजूला घेऊन विनंती करतो की, रुग्णास काही सांगू नये, त्याला धक्का बसेल. ही विनंती मायेपोटी केलेली असते. परंतु तिचे परिणाम नीट पाहिले पाहिजेत.

ज्याला काही सांगितलेले नाही त्या रुग्णास बहुतेक सारे कळलेले असते. तो परळास येतो, आजूबाजूच्या रुग्णांना पाहतो, घरातील कुजबूज त्याच्या कानी येते. आपणास कळले आहे हे दाखविल्यास मुलाबाळांना दुःख होईल म्हणून तोही गप्प राहतो. अशा रीतीने एकाच घरात दोन्ही बाजूंनी मौन पाळले जाते. या मौनात रुग्णाची भीती एकटी वाढते. जमिनीचा सातबारा, बँकेचे पुस्तक, मुलीचे लग्न, कोणाची उधारी यांविषयी ज्याने बोलावयास हवे तोच बोलत नाही. सोबत्याच्या बाबतीत म्हणावयाचे तर त्याला प्रवास, पैसा आणि शुश्रूषा यांच्या जोडीला खोटे बोलण्याचाही भार वाहावा लागतो, आणि तो सर्वांत थकविणारा असतो.

यावर उपाय म्हणजे सारे काही एका दमात सांगून टाकणे हा नव्हे. रुग्णास काय ठाऊक आहे आणि त्याला किती जाणून घ्यावयाचे आहे हे प्रथम त्यालाच विचारावे, असा या विषयातील अनुभवी वैद्यांचा परिपाठ आहे. ‘तुम्हांला काय वाटते, हे दुखणे कशाचे आहे?’ या प्रश्नाने बोलणे सुरू होऊ शकते. एखादी वृद्ध स्त्री म्हणेल, ‘थोरल्याला सांगा, मला नको.’ तोही तिचा निर्णय आहे आणि त्याचा मान राखला पाहिजे. दुसरी एखादी विचारील, ‘पुढच्या लावणीला मी असेन का?’ तिला उत्तर मिळावयास हवे. सत्य किती व केव्हा, हे रुग्णाच्या इच्छेने ठरावे. घरच्यांच्या भयाने ठरू नये.

याच मौनाशी जोडलेली दुसरी गोष्ट म्हणजे रोगाची शिवाशिव. कर्करोग स्पर्शाने, उष्ट्याने किंवा एका अंथरुणाने लागत नाही. रुग्णाचे ताट-वाटी वेगळी ठेवण्याची किंवा नातवंडांना त्याच्यापासून दूर करण्याची काही गरज नसते. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगास कारणीभूत होणारा विषाणू संसर्गाने पसरतो हे खरे. परंतु रोगग्रस्त स्त्रीची शुश्रूषा केल्याने कोणास कर्करोग होत नाही. आजीच्या मांडीवरून नातवाला उचलून नेले जाते तेव्हा तिला जे समजते ते कोणत्याही निदानापेक्षा कठोर असते.

भगताकडे जाण्याचा प्रश्नही येथेच येतो. वाडीवरील भगत हा केवळ औषध देणारा नसतो. दुखण्याचे कारण काय आणि कोणाचे काय चुकले याचा अर्थ तो कुटुंबास लावून देतो. त्याच्याकडे गेल्याबद्दल रुग्णाला रागावल्यास रुग्ण ती गोष्ट लपवितो आणि काय घेतले हे वैद्यांस कळत नाही. देवाचे करावे, पण गाठीवर डाग देऊ नये, जखमेवर पाला बांधू नये, आणि रुग्णालयाची तारीख चुकवू नये, एवढी समजूत भगतालाच विश्वासात घेऊन घालता आली तर ती अधिक टिकते.

४. घरातील शुश्रूषा

उपचाराचे बरेचसे दिवस रुग्ण घरीच असतो. म्हणून काही गोष्टी घरातील निदान दोघांना माहीत असाव्यात.

शिरेतून दिलेल्या औषधांचा, ज्यांस लोक ‘किमो’ म्हणतात, परिणाम वेगाने वाढणाऱ्या सर्वच पेशींवर होतो. केस गळतात, तोंड येते, आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात. बहुतेक औषधांच्या बाबतीत या पेशी साधारणतः सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान सर्वांत कमी असतात. या काळात १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला तर ती तातडीची स्थिती समजावी. घरात तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री रुग्णालय गाठावे. घरात तापमापक असणे आणि रात्री कोणाची गाडी मिळेल हे आधी ठरविलेले असणे, या दोन गोष्टींनी जीव वाचू शकतो. वाडीवर रस्ता पोहोचत नसेल तर या आठवड्यापुरते रस्त्यालगतच्या नातेवाइकांकडे राहणे शहाणपणाचे ठरते.

तोंडास व्रण पडलेल्या माणसास भाकरी आणि तिखट कालवण चालत नाही. तांदळाची पेज, मऊ भात, मुगाचे वरण, शिजविलेले अंडे, दूध असे पदार्थ थोडे थोडे आणि वरचेवर द्यावेत. पाणी उकळून गार केलेले असावे. मीठ व खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने दिवसातून अनेक वेळा चूळ भरावी. मशेरी व तंबाखू पूर्णपणे बंद करावी. घरातील इतरांनी ती चालू ठेवली तर रुग्णास सोडणे फार कठीण जाते. अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी पालटावी, चादरीस सुरकुती राहू देऊ नये, आणि टाचा व माकडहाड रोज पाहावे. तेथील लाली हे शय्याव्रणाचे पहिले लक्षण असते.

रुग्ण खात नाही यावरून घरात फार दुःख आणि क्वचित भांडणे होतात. रोग बळावल्यावर भूक मरते, हा रोगाचाच भाग असतो. हट्टाने भरविल्याने शक्ती येत नाही. अशा वेळी दोन घास आवडीचे आणि सोबतीने खाल्लेले पुरेसे मानावे.

५. वेदना

लंडन येथे १९६७ साली सेंट क्रिस्टोफर शुश्रूषागृह स्थापन करणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी वेदनेची एक व्यापक कल्पना मांडली. मरणासन्न माणसाची वेदना केवळ शरीराची नसते. तीत मनाची भीती, घराची विवंचना आणि जगण्याच्या अर्थाविषयीची अस्वस्थता मिसळलेली असते, आणि या चारही अंगांकडे पाहिल्यावाचून ती शमत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. या विचारातून ज्या सेवेची वाढ झाली तिला आज परिहार सेवा किंवा उपशामक सेवा म्हणतात. भारतातील अशा प्रकारचे पहिले शुश्रूषागृह, शांती आवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे सुरू झाले. पुण्यात वारजे येथील सिप्ला केंद्र १९९७ सालापासून ही सेवा विनामूल्य देते. बोरघाट चढून गेल्यास खालापूरकरांना ते दूर नाही. टाटा रुग्णालयातही या सेवेचा स्वतंत्र विभाग आहे.

शरीराच्या वेदनेवर उपाय आहे, ही गोष्ट प्रथम कुटुंबाने मनाशी पक्की केली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली पायऱ्यापायऱ्यांची उपचारपद्धती सांगितली. साध्या वेदनाशामकाने सुरुवात करावी, ते पुरेनासे झाल्यास अधिक प्रभावी औषध द्यावे, आणि तीव्र वेदनेस तोंडाने घ्यावयाचे मॉर्फिन द्यावे. औषध वेदना असह्य झाल्यावर न देता घड्याळाप्रमाणे द्यावयाचे असते, म्हणजे वेदनेस डोके वर काढू दिले जात नाही. मॉर्फिनविषयी दोन भये प्रचलित आहेत. त्याचे व्यसन लागेल हे एक, आणि ते दिले म्हणजे शेवट आला हे दुसरे. वैद्यांच्या देखरेखीखाली कर्करोगाच्या वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन क्वचितच लागते. आणि योग्य मात्रेत दिलेले मॉर्फिन आयुष्य कमी करीत नाही. त्याने मलावरोध मात्र होतो, म्हणून जोडीला सारक औषध घ्यावे लागते.

असे असूनही हे औषध खेड्यातील रुग्णापर्यंत फार थोडे पोहोचले. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यामुळे ते ठेवण्यास अनेक परवाने लागत असत. २०१४ साली या कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणे सुकर करण्यात आले. तरीही ते जवळच्या दुकानात मिळत नाही. म्हणून मोठ्या रुग्णालयातून परतताना पुढील भेटीपर्यंत पुरेल एवढे औषध, त्याचे कागद, आणि रात्री वेदना वाढल्यास कोणास दूरध्वनी करावा याची माहिती घेऊनच निघावे.

ही सेवा केवळ अखेरच्या दिवसांसाठी आहे असा समज आहे. बॉस्टन येथील २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना निदानापासूनच नेहमीच्या उपचाराच्या जोडीने उपशामक सेवा दिली गेली. त्यांचे दिवस अधिक सुखाचे गेले, खिन्नता कमी राहिली, आणि अखेरीस आक्रमक उपचार कमी होऊनही ते सरासरीने अधिक काळ जगले. वेदनेकडे लक्ष देणे म्हणजे आशा सोडणे, ही समजूत या अनुभवाच्या विरुद्ध आहे.

६. उपचार थांबतात तेव्हा

काही रुग्णांच्या बाबतीत अशी वेळ येते की, आणखी औषधांनी लाभाऐवजी त्रासच व्हावा. ‘घरी घेऊन जा’ हे शब्द तेव्हा कानी पडतात आणि कुटुंबास ते हाकलून दिल्यासारखे वाटतात. या घडीला कर्ज काढून दुसऱ्या, तिसऱ्या ठिकाणी धाव घेतली जाते. जमीन गहाण पडते. काहीच केले नाही असा बोल आपल्यावर येऊ नये, ही भीती त्यामागे असते. येथे रुग्णास स्वतःला काय हवे आहे याला महत्त्व आहे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे मानून, केवळ आयुष्य लांबविणारे उपचार नकोत असे आगाऊ लिहून ठेवण्याची मुभा दिली. २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. लेखी कागद झाला नाही तरी घरात एकदा मोकळेपणाने झालेले बोलणे पुष्कळ काम करते. आपल्या ओटीवर, आपल्या माणसांत मरण यावे असे ज्याने सांगितले आहे त्याला घरी आणणे ही माघार नव्हे, हे मग साऱ्यांना समजते.

७. सोबत्याची सोबत

आता ज्याच्यापासून आरंभ केला त्या दुसऱ्या माणसाकडे वळावयास हवे. बहुधा ती स्त्री असते: सून, लेक, पत्नी किंवा बहीण. तिची झोप मोडते, तिचे जेवण उभ्याउभ्या होते, स्वतःच्या दुखण्याकडे ती पाहत नाही. हे दुर्लक्ष कधी कधी अत्यंत महागात पडते. आईला गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगासाठी घेऊन जाणारी तिशी-चाळिशीची लेक स्वतः तपासणीच्या वयाची असते. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवात, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, टाटा स्मारक केंद्र आणि आंतरराष्ट्रीय संस्था यांनी ३० ते ५९ वर्षे वयाच्या सुमारे १,३१,००० ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास केला. विषाणूच्या एकाच तपासणीने या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी झाल्याचे २००९ साली त्यातून प्रसिद्ध झाले. अशी फळे महाराष्ट्राच्याच खेड्यांतून हाती आलेली आहेत. मुख, स्तन व गर्भाशयमुख यांची तपासणी तीस वर्षांवरील सर्वांसाठी शासकीय आरोग्य केंद्रांच्या कार्यक्रमात आहे. कडाव, कळंब, खांडस, नेरळ येथील केंद्रांत किंवा कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात तिची चौकशी ‘आशा’ कार्यकर्तीमार्फत करता येते.

सोबत्याचा भार वाटून घेण्यास गावाला नवे काही शिकावे लागत नाही. भातशेतीत सावड ही रीत आहेच. आज माझ्या शेतावर चार माणसे, उद्या तुमच्या शेतावर मी. पैशाचा व्यवहार न होता काम उरकते. तोच न्याय दुखण्यास लावता येतो. किरणोपचाराच्या २५ फेऱ्या एकट्या सुनेने करण्यापेक्षा पाच घरांनी पाच-पाच वाटून घेतल्या तर कोणाचीही लावणी बुडत नाही. कोणी रुग्णाबरोबर जावे, कोणी गुरे पाहावीत, कोणी मुलांना जेवू घालावे, आणि शहरात नोकरीस असलेल्या भावकीने तारखा व कागदपत्रे सांभाळावीत. केरळात १९९९ नंतर मलप्पुरमपासून पसरलेली शेजाऱ्यांची उपशामक सेवा याच तत्त्वावर उभी आहे: आठवड्यातील दोन-तीन तास देणारे सामान्य लोक थोडे शिक्षण घेऊन आपल्याच वस्तीतील रुग्णांकडे जातात. तेथे जे संघटित झाले त्याचे बीज येथील सावडीत आहे.

मित्र आणि शेजारी भेटीस येतात तेव्हा काय बोलावे हे त्यांना सुचत नाही. ‘काही लागले तर सांगा’ असे म्हणून ते उठतात. थकलेला माणूस काय लागते हे सांगू शकत नाही. ‘गुरुवारी परळास मी जातो’ असे ठरावीक काम उचलणे अधिक उपयोगी असते. कोणाचा कोणता रोग कोणत्या काढ्याने बरा झाला याच्या कथा सांगू नयेत. काहीच सुचले नाही तर बसून राहावे. रुग्णास त्याचाही आधार वाटतो.

मृत्यूनंतर दहावे-तेरावे होईपर्यंत घर माणसांनी भरलेले असते. त्यानंतर ते रिकामे होते, आणि महिनोन् महिने ज्या माणसाचा दिवस औषधांच्या वेळांवर चालला त्याला अकस्मात काहीच काम उरत नाही. आपण आणखी काही करावयास हवे होते का, हा प्रश्न त्याला याच दिवसांत छळतो. कर्जाची तगादेही याच वेळी सुरू होतात. सावड खरी असेल तर ती तेराव्यावर संपू नये. पुढच्या लावणीपर्यंत तरी तिने त्या घराची वाट चालू ठेवावी.

एकंदरीत, कर्जत-खालापूरच्या रुग्णास उपचार पूर्वीपेक्षा जवळ आले आहेत, पैशाची काही सोय झाली आहे, आणि वेदनेवरील औषध कायद्याने मोकळे झाले आहे. या तिन्ही गोष्टी वाडीपर्यंत पोहोचविणारा दुवा म्हणजे सोबती. तो मोडला तर तिन्हींचा उपयोग थांबतो. त्यामुळे ज्या घरात ‘मोठे दुखणे’ आले आहे तेथे रुग्णाची चौकशी करून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारला गेला पाहिजे: त्याच्याबरोबर कोण जाते, आणि पुढच्या वेळी तिच्याऐवजी कोण जाईल?